उघडी मूठ : १९४० ची टिझर्ड मोहीम

लंडनचं युस्टन स्टेशन, ऑगस्ट १९४० ची अखेर, सकाळची वेळ. एक हमाल काळी पत्र्याची पेटी उचलून गर्दीतून झपझप चालला आहे आणि त्याच्या मागे एकोणतीस वर्षांचा एक तरुण जीव मुठीत धरून धावतो आहे. हमाल नजरेआड झाला तर काय, एवढाच विचार त्याच्या डोक्यात आहे. या तरुणाचं नाव एडवर्ड बोवेन. मूळचे वेल्सचे, म्हणून सगळे त्यांना 'टॅफी' म्हणत. आदल्या रात्री ते कंबरलँड हॉटेलात उतरले, तेव्हा पेटी हॉटेलच्या तिजोरीत मावेना. शेवटी पलंगाखाली सरकवून ते तिच्यावर झोपले. सकाळी टॅक्सीवाला ती आत घ्यायला राजी होईना, म्हणून ती टपावर चढवावी लागली आणि सबंध रस्ताभर बोवेन यांचा जीव टपावरच टांगलेला राहिला.

त्या पेटीत ब्रिटनने युद्धासाठी केलेल्या सरकारी संशोधनाचा गाभा होता. रडारचे अहवाल, विमानभेदी तोफांच्या निशाण्याची यंत्रं, जवळ येताच आपोआप फुटणाऱ्या गोळ्याची कल्पना, जेट इंजिनाची माहिती असं बरंच काही. आणि या सगळ्यांत एक तळहाताएवढा तांब्याचा ठोकळा. हे सगळं निघालं होतं अमेरिकेला, म्हणजे अशा एका देशाकडे जो अजून युद्धात उतरलेलाही नव्हता.

युद्धात एका सरकारने आपलं विज्ञान दुसऱ्या सरकारला देण्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. मी नेमकं हेच प्रकरण अभ्यासाला घेतो, कारण यात देण्याघेण्याची सगळी अंगं उघडी दिसतात: द्यायचं की नाही यावरची ओढाताण, अटी घालायच्या की नाही हा वाद, दिल्यावर समोरच्याला ते कळतं की नाही हा पेच, आणि पुढे त्याचं काय झालं हेही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हेन्री टिझर्ड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही मोहीम कागदांमुळे यशस्वी झाली नाही. कागदांबरोबर ज्यांच्या हाताखालून ते काम गेलं होतं ती माणसं गेली आणि मोबदल्याची घासाघीस न करता गेली, म्हणून ती यशस्वी झाली.

तेव्हा ब्रिटनकडे काय होतं, काय नव्हतं

हवाई संरक्षणासाठी विज्ञान वापरायची सरकारी खटपट ब्रिटनमध्ये १९३५ च्या जानेवारीत सुरू झाली. हवाई मंत्रालयाने एक छोटी समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी हेन्री टिझर्ड यांना बसवलं. टिझर्ड रसायनशास्त्रज्ञ होते, पहिल्या महायुद्धात स्वतः चाचणी-विमानं उडवलेले होते आणि आता लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे प्रमुख होते. २६ फेब्रुवारी १९३५ ला रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी डेव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी एका बॉम्बफेकी विमानावरून परत येताना पकडल्या. युद्ध पेटेपर्यंत पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी राहिली होती. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं समुद्र ओलांडायच्या आत त्यांची खबर लढाऊ तुकड्यांना लागत होती, ती या साखळीमुळे.

पण ही केंद्रं दहा-बारा मीटर लांबीच्या लहरींवर चालत. लहर जितकी लांब तितका अँटेना मोठा, त्यामुळे ३६० फूट उंचीचे पोलादी मनोरे लागत. विमानाच्या नाकात मनोरा बसवता येत नाही. बोवेन यांनी विमानातलं रडार दीड मीटरच्या लहरीवर आणलं होतं, पण त्या लहरी टॉर्चच्या झोतासारख्या एका दिशेने न जाता चहूकडे पसरत. खालच्या जमिनीवरून येणारा प्रतिध्वनी एवढा मोठा की विमान जेवढ्या उंचीवर असेल तेवढ्याच अंतरापर्यंतचं दिसायचं, त्यापलीकडचं सगळं जमिनीच्या गोंगाटात बुडायचं. रात्रीच्या अंधारात शत्रूचं विमान शोधायचं किंवा समुद्रावर वर आलेली पाणबुडी हेरायची, तर लहर दहा सेंटिमीटरच्या आसपास हवी. तेवढ्या आखूड लहरी काढणारी उपकरणं होती, क्लायस्ट्रॉन नावाची, पण त्यांतून निघायची शक्ती रडारच्या कामाला अगदीच तोकडी.

हा तिढा बर्मिंगहॅम विद्यापीठात सुटला. तिथे मार्क ऑलिफंट यांच्या विभागात नौदलाच्या पैशावर हेच संशोधन चालू होतं. विभागातली मुख्य मंडळी क्लायस्ट्रॉनच्या मागे होती. जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांच्या वाट्याला बाजूचं काम आलं होतं. त्यांनी तांब्याचा एक ठोकळा घेतला, मधोमध एक भोक पाडलं, त्याभोवती सहा भोकं पाडली आणि प्रत्येक भोक एका बारीक चिरेने मधल्या भोकाला जोडलं. मध्ये इलेक्ट्रॉन सोडणारा तापलेला कॅथोड, बाहेरून जबर चुंबक. इलेक्ट्रॉन कॅथोडपासून सरळ बाहेर न जाता चुंबकामुळे गरगरायला लागतात आणि चिरांच्या तोंडावरून जाता जाता त्या पोकळ्यांना घुमवतात. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की बाटली घुमते, तसंच. पोकळीचा आकार लहान, म्हणून निघणारी लहरही आखूड. चुंबकाच्या जोरावर लहरी काढणाऱ्या अशा उपकरणाला मॅग्नेट्रॉन म्हणतात. पहिला नमुना लाखेने सांधलेला होता आणि आतली हवा पंपाने सतत उपसावी लागे. २१ फेब्रुवारी १९४० ला तो चालू केला, तेव्हा ९.८ सेंटिमीटरच्या लहरीवर सुमारे ४०० वॉट शक्ती बाहेर पडली. तोवर या लांबीच्या लहरीवर कुणालाही याच्या जवळपासही पोचता आलं नव्हतं.

प्रयोगशाळेतला हा ओबडधोबड नमुना कारखान्यात घडण्याजोगा करायचं काम लंडनजवळच्या वेम्बलीत जनरल इलेक्ट्रिक या ब्रिटिश कंपनीत एरिक मेगॉ यांनी केलं. आणि इथे एक छोटा प्रसंग आहे, तो वगळला तर या प्रकरणाची सुरुवातच चुकते. मे १९४० च्या दुसऱ्या आठवड्यात, जर्मन फौजा पश्चिमेकडे सुटण्याच्या अगदी तोंडावर, मॉरिस पोंत नावाचे फ्रेंच संशोधक पॅरिसहून आपल्या प्रयोगशाळेतला मॅग्नेट्रॉन घेऊन वेम्बलीला आले. त्यात कॅथोडवर ऑक्साइडचा लेप होता. मेगॉ यांनी तो लेप आपल्या नमुन्यात घेतला, आणि शक्ती कैक पटींनी वाढून स्पंदागणिक दहा किलोवॉटच्या घरात गेली. जूनमध्ये फ्रान्स पडलं. पोंत महिनाभर थांबले असते तर ही युक्ती वेम्बलीला पोचलीच नसती. म्हणजे जो ठोकळा पुढे 'ब्रिटिश गुपित' म्हणून अमेरिकेला गेला, त्यात आधीच एका दुसऱ्या देशाने मोकळ्या हाताने दिलेलं ज्ञान मुरलेलं होतं.

घोडं कुठे अडलं

देवाणघेवाणीची कल्पना सर्वांत आधी जोर लावून मांडली ती ए. व्ही. हिल यांनी. हे शरीरक्रियाशास्त्रातले नोबेल विजेते आणि टिझर्ड समितीचे पहिल्यापासूनचे सदस्य. १९४० च्या वसंतात त्यांना वॉशिंग्टनच्या ब्रिटिश दूतावासात पाठवलं गेलं. तिथे त्यांनी पाहिलं की अमेरिकन शास्त्रज्ञ मदत करायला उत्सुक आहेत, पण त्यांना काय हवं आहे हेच कुणी सांगत नाही. (हेच हिल १९४३ च्या हिवाळ्यात भारतात आले आणि इथल्या संशोधनाच्या संघटनेवर त्यांनी अहवाल दिला. त्यानंतर शांतिस्वरूप भटनागर, मेघनाद साहा, शिशिरकुमार मित्र प्रभृतींचं शिष्टमंडळ ब्रिटन आणि अमेरिकेच्या प्रयोगशाळा पाहायला गेलं. माणसं पाठवल्याशिवाय ज्ञान हलत नाही, ही हिल यांची धारणा शेवटपर्यंत बदलली नाही.)

लंडनमध्ये मात्र मतं दुभंगलेली होती. अमेरिकेकडून आपल्याला शिकण्यासारखं फारसं नाही, असं वॉटसन-वॉट यांच्यासारख्या जाणत्या माणसालाही वाटत होतं. काहींचं म्हणणं होतं की द्यायचंच तर मोबदला ठरवून द्या: अमेरिकन नौदलाचं नॉर्डन बॉम्बनेमयंत्र (विमानातून बॉम्बचा नेम धरणारं यंत्र) घ्या, मग रडार द्या. अमेरिकेतून गुपितं फुटतील ही भीती तर सगळ्यांनाच होती. ८ जुलैला ब्रिटिश राजदूत लॉर्ड लोथियन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे देवाणघेवाणीचा प्रस्ताव दिला आणि तो लगेच उचलला गेला. पण चर्चिल यांनी १७ जुलैच्या टिपणात लिहिलं की अमेरिका युद्धाच्या आणखी बरीच जवळ येईपर्यंत आपली गुपितं देण्याची आपल्याला घाई नाही.

चर्चिल यांच्या या आडमुठेपणावर आज बोट ठेवणं सोपं आहे. मला ते तितकं सोपं वाटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशेब राज्यकर्त्याने करायचाच असतो. हातात देण्यासारखं फार थोडं उरलं होतं, आणि तेही आधीच देऊन टाकलं तर पुढे विनाशिका, विमानं, कर्ज मागताना काय दाखवायचं? शिवाय अमेरिकेत त्या वर्षी निवडणूक होती, म्हणजे पुढे अध्यक्ष कोण असेल याचीही खात्री नव्हती.

टिझर्ड यांचा हिशेब वेगळा होता, आणि तो मला जास्त खरा वाटतो. ब्रिटनचे रेडिओ आणि त्यांतले व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) बनवणारे कारखाने आधीच कामाने ओसंडून वाहत होते. दहा सेंटिमीटरचं रडार कागदावर, प्रयोगशाळेत असून भागत नव्हतं; ते हजारोंच्या संख्येने हवं होतं आणि ते घडवायची ताकद फक्त अमेरिकेत होती. जे गुपित आपण वापरातच आणू शकत नाही त्याची किंमत रोज घसरते, कारण शत्रूही तेच शोधत असतो. मूठ झाकून ठेवायची, तर आत जे आहे ते टिकणारं तरी हवं.

जुलै संपता संपता परवानगी मिळाली, आणि मिळाली तीही टिझर्ड यांना हवी तशी: आधी द्या, मग मागा. सौद्याची अट नाही. टिझर्ड यांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र त्या उन्हाळ्यात फार वाईट दिवस आले होते. चर्चिल यांचे विश्वासू सल्लागार फ्रेडरिक लिंडेमान यांच्याशी त्यांचं जुनं वैर होतं, आणि चर्चिल पंतप्रधान झाल्यावर टिझर्ड यांना सल्ल्याच्या कामातून बाहेर पडावं लागलं होतं. आपल्याला दूर पाठवण्यासाठी ही मोहीम सोयीची आहे, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. तरी ते गेले.

पेटीबरोबर कोण गेलं

टिझर्ड १४ ऑगस्टला विमानाने पुढे निघाले, आधी कॅनडाला. ओटावात सी. जे. मॅकेन्झी यांच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेला त्यांनी पहिल्या दिवसापासून या कामात धरलं. बाकीची मंडळी मागून बोटीने येणार होती. शास्त्रज्ञ दोन. एक जॉन कॉकक्रॉफ्ट, ज्यांनी अर्नेस्ट वॉल्टन यांच्याबरोबर १९३२ मध्ये कृत्रिमरीत्या वेगवान केलेल्या कणांनी अणुकेंद्रक फोडलं होतं, आणि दुसरे बोवेन. त्यांच्याबरोबर भूदल, नौदल आणि हवाई दलाचा एकेक अधिकारी, आणि सचिव म्हणून आर्थर वुडवर्ड-नट. अधिकारी मुद्दाम घेतले होते. अमेरिकनांना युद्ध कसं चाललं आहे ते थेट लढणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि यंत्र कुठे बिघडतं, कुठे दगा देतं हे अहवालात कधी पुरतं उतरत नाही.

युस्टनला हमाल सापडला. पेटी आरक्षित डब्यात चढली. त्या डब्यात समोर एक अबोल गृहस्थ येऊन बसले. लिव्हरपूलला पोचल्यावर लष्कराची तुकडी पेटी घ्यायला आली आणि हे गृहस्थ हलले, तेव्हा बोवेन यांना उमगलं की ते पहाऱ्यावर होते. 'डचेस ऑफ रिचमंड' बोटीवर पेटी कडेकोट बंदोबस्तात ठेवली. तिला भोकं पाडलेली होती. बोट पाणबुडीने बुडवलीच तर पेटी तरंगत शत्रूच्या हाती लागू नये, थेट तळाला जावी म्हणून. ६ सप्टेंबरला बोट हॅलिफॅक्सला लागली.

वॉशिंग्टनमधले ते आठवडे

अमेरिकेतही सरकारी विज्ञानाची नुकतीच घडी बसत होती. अभियंते व्हॅनेव्हार बुश यांनी जूनमध्ये रूझवेल्ट यांना पटवून राष्ट्रीय संरक्षण संशोधन समिती उभी केली होती. तिच्यातल्या सूक्ष्मलहरींच्या, म्हणजे अगदी आखूड रेडिओ लहरींच्या, उपसमितीचे प्रमुख होते आल्फ्रेड लूमिस. वकिली आणि शेअरबाजारात अफाट पैसा मिळवून त्यांनी तो न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्कमध्ये स्वतःची भौतिकी प्रयोगशाळा उभारण्यात घातला होता. त्यांना जे हवं होतं ते नेमकं बोवेन यांच्या पेटीत होतं.

पहिल्या बैठकांत दोन्ही बाजू जपून बोलत होत्या. मग एक गोष्ट उघड झाली: अमेरिकन भूदल आणि नौदल दोघांकडेही रडार होतं आणि ते त्यांनी स्वतंत्रपणे शोधलं होतं. एवढंच नाही, तर एकाच अँटेनाने लहर सोडायची आणि तिनेच प्रतिध्वनी घ्यायचा, ही युक्ती अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेने साधली होती आणि त्यात ते पाहुण्यांच्या पुढे होते. अमेरिकेकडून शिकण्यासारखं काय आहे, या लंडनच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. आखूड लहरींवर मात्र अमेरिकनांची गाडी अडली होती, पुरेशी शक्ती मिळत नव्हती.

१९ सप्टेंबरच्या संध्याकाळी वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क हॉटेलात कॉकक्रॉफ्ट आणि बोवेन यांनी लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर तो तांब्याचा ठोकळा ठेवला. दहा सेंटिमीटर, दहा किलोवॉट. अमेरिकनांच्या हातात जे होतं त्याच्या कितीतरी पट. ज्यांनी वर्षभर याच प्रश्नाशी झुंज घेतली होती त्यांना आकडा ऐकल्यावर वेगळं काही समजावून द्यावं लागलं नाही. पुढची बोलणी टक्सीडो पार्कला झाली, आणि ६ ऑक्टोबरला न्यू जर्सीतल्या व्हिप्पनी इथे बेल प्रयोगशाळेत बोवेन यांनी स्वतः मॅग्नेट्रॉन जोडून चालू केला. सांगितली होती तेवढी शक्ती खरोखरच निघाली.

आता या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत शिकवणारा प्रसंग. बेलच्या लोकांना या नमुन्याबरहुकूम दुसरे बनवायचे होते. नमुना कापला असता तर निकामी झाला असता, म्हणून त्यांनी त्याचा एक्स-रे काढला. फोटोत मधल्या भोकाभोवती आठ पोकळ्या दिसल्या. बरोबर आलेल्या आराखड्यात सहा होत्या. काम थांबलं. नमुना खरा की आराखडा खरा? बोवेन यांना जाब विचारल्यासारखं बोलावलं गेलं. त्यांनाही उलगडा होईना. कागद सगळे रीतसर होते, शिक्केही होते, पण कागद आणि वस्तू यांचा मेळ बसत नव्हता.

मग अटलांटिकपलीकडे, थेट मेगॉ यांना फोन लावला गेला. त्यांना क्षणभर आठवावं लागलं. त्यांनी बारा नमुने घडवायला दिले होते. पहिले दहा आराखड्याप्रमाणे सहा पोकळ्यांचे. अकरावा सातचा, बारावा आठचा. करून पाहायला म्हणून. बोवेन निघण्याआधी वेम्बलीहून नमुना घेऊन गेले तो नेमका बारावा. आराखडा बदलायचं राहून गेलं होतं. प्रश्न मिटला, आणि अमेरिकेत पहिले मॅग्नेट्रॉन आठ पोकळ्यांचेच बनले.

हे प्रकरण वाचणाऱ्या प्रत्येक सरकारी संशोधन संस्थेने इथे थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं. पेटी एकटी गेली असती, राजनैतिक टपालातून, सही-शिक्क्यासह, तर हा पेच पत्रव्यवहारात किती महिने रेंगाळला असता? कदाचित वस्तूवरचा विश्वासच उडाला असता. ती सुटका तिथे हजर असलेल्या माणसाने केली, ज्याला कुणाला फोन करायचा हे ठाऊक होतं, आणि ज्याला त्या फोनवर खरं काय ते सांगायची मुभा होती.

पुढे काय झालं

लूमिस, बुश आणि मंडळींनी ठरवलं की हे काम लष्करी खात्यांच्या प्रयोगशाळांत न देता विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांकडे द्यायचं, आणि ब्रिटनमध्ये तेच झालं होतं हे टिझर्ड मंडळाने त्यांना सांगितलंच होतं. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या एमआयटीत (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) 'रेडिएशन लॅबोरेटरी' सुरू झाली. नावावरून अणूचं काहीतरी चाललं आहे असं वाटावं, हा हेतू होता. ली ड्युब्रिज संचालक झाले. बोवेन मायदेशी न परतता तिथेच राहिले आणि सुरुवातीचं काम त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालं. ४ जानेवारी १९४१ ला एमआयटीच्या गच्चीवरून सोडलेल्या लहरी चार्ल्स नदीपलीकडच्या बॉस्टनच्या इमारतींवरून परत आल्या. मूठभर माणसांनी सुरू झालेली ही प्रयोगशाळा युद्ध संपताना सुमारे ४,००० माणसांची झाली होती.

परिणामांबद्दल थोडक्यात. दहा सेंटिमीटरचं रडार समुद्रावरच्या विमानांत बसलं, आणि जर्मन पाणबुड्यांवरची जी ग्राहकयंत्रं दीड मीटरच्या लहरीची चाहूल देत, त्यांना ही नवी लहर ऐकूच येईना. मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीने चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्या. यात सांकेतिक संदेश उकलणाऱ्यांचा, लांब पल्ल्याच्या विमानांचा, ताफ्यांचं रक्षण करणाऱ्यांचा वाटा मोठा होता. सगळं श्रेय मॅग्नेट्रॉनला देणं अन्यायाचं होईल. विमानभेदी तोफांचं स्वयंचलित रडार आणि जवळ येताच फुटणारा गोळा, हे दोन्ही त्याच पेटीतल्या बीजांपासून अमेरिकेत वाढले आणि १९४४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर जर्मनीच्या व्ही-१ उडत्या बॉम्बविरुद्ध एकत्र वापरले गेले. दिलेलं असं परत आलं.

नॉर्डन बॉम्बनेमयंत्र अमेरिकन नौदलाने त्या वेळी दिलं नाही. टिझर्ड यांनी विचारलं, नकार आला, त्यांनी त्यावरून पुढचं देणं थांबवलं नाही. पुढे कळलं ते असं: न्यूयॉर्कमध्ये ते यंत्र बनवणाऱ्या कारखान्यातल्याच एका कामगाराने १९३८ च्या आसपास त्याचे आराखडे जर्मनीला पोचवले होते. मित्राला नाकारलेलं गुपित शत्रूच्या घरी दोन वर्षं आधीच जाऊन बसलं होतं.

गुपित फुटण्याच्या भीतीचं काय? मॅग्नेट्रॉन जर्मनांच्या हाती लागला, पण तो अमेरिकेतून नाही. १९४३ च्या सुरुवातीला ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांत दहा सेंटिमीटरचं रडार बसवलं गेलं. वापर सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांतच, २-३ फेब्रुवारीच्या रात्री, असं एक विमान रॉटरडॅमजवळ पडलं. तांब्याचा भरीव ठोकळा स्फोटातही शिल्लक राहतो, हे तज्ज्ञांनी आधीच बजावलं होतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. पेटीतून निघालेल्या सगळ्याच गोष्टी सुरक्षित राहिल्या नाहीत. जवळ येताच फुटणाऱ्या गोळ्याचा फ्यूज १९४४ च्या शेवटी अमेरिकेतूनच सोव्हिएत हेरांकडे गेला. हात जितके वाढतात तितक्या फटीही वाढतात. तो धोका खोटा नव्हता, फक्त १९४० मध्ये तो पत्करण्याजोगा होता.

जिथे तेच जमलं नाही

याच दोन देशांत, याच वर्षांत, अणूच्या बाबतीत देवाणघेवाण कशी फसली हे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय टिझर्ड मोहिमेचं मोल लक्षात येत नाही. युरेनियमचा बॉम्ब शक्य आहे, असा ब्रिटिश 'मॉड' समितीचा अहवाल १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या युरेनियम समितीकडे गेला. कागद गेले, माणूस गेला नाही. काहीच हालचाल होईना, म्हणून ऑगस्टअखेर मार्क ऑलिफंट, तेच बर्मिंगहॅमचे ऑलिफंट, स्वतः अमेरिकेत पोचले. समितीचे अध्यक्ष लायमन ब्रिग्ज यांनी आलेले कागद आपल्या तिजोरीत ठेवले होते आणि सदस्यांना दाखवलेच नव्हते. ऑलिफंट मग बर्कलीला भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांच्याकडे गेले, तोंडाने सगळं सांगितलं, आणि तिथून चक्र हललं.

त्यानंतर चूक उलट्या बाजूने झाली. ऑक्टोबर १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना या कामात एकत्र येण्याचं सुचवलं. तेव्हा ब्रिटन पुढे होतं, म्हणून लंडनने थंड प्रतिसाद दिला. झाकली मूठ पुन्हा सव्वा लाखाची वाटली. वर्षभरात अमेरिका इतकी पुढे गेली की १९४३ च्या जानेवारीत तिनेच माहितीला कुलूप लावलं. अणूच्या कामात दोन्ही देशांनी पुन्हा एकत्र यायचं ठरवलं त्या ऑगस्ट १९४३ च्या क्विबेक करारापर्यंत ब्रिटिश शास्त्रज्ञांना दारात ताटकळावं लागलं, आणि १९४६ च्या अमेरिकन अणुऊर्जा कायद्याने तोही दरवाजा बंद झाला. १९४० मध्ये टिझर्ड यांनी जो विश्वास कमावला होता तो या कामात कुणी वापरला नाही.

रडारच्या बाबतीत मात्र वाट रुळली. १९४१ च्या मार्चमध्ये बुश यांचे सहकारी जेम्स कोनंट लंडनला आले आणि तिथे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन समितीचं कायमचं कार्यालय उघडलं. वॉशिंग्टनमध्ये ब्रिटनचं वैज्ञानिक कार्यालय चार्ल्स गॅल्टन डार्विन यांच्या हाताखाली सुरू झालं. माणसं सतत येत-जात राहिली, बिघडलेल्या यंत्राबद्दल विचारायला ओळखीचा आवाज मिळत राहिला. टिझर्ड स्वतः ऑक्टोबर १९४० च्या सुरुवातीलाच परतले होते, उरलेलं काम कॉकक्रॉफ्ट यांच्यावर सोपवून. मॅग्नेट्रॉन व्हिप्पनीत चालला तेव्हा ते तिथे नव्हते.

रेडिएशन लॅबोरेटरी ३१ डिसेंबर १९४५ ला बंद झाली. बंद करण्याआधी तिथल्या लोकांनी काही महिने फक्त लिहिण्यात घालवले, आणि १९४७ पासून त्यांचं सगळं काम २८ खंडांत छापून निघालं, कोणीही विकत घ्यावं, कोणत्याही ग्रंथालयात वाचावं असं. त्यांतला एक संबंध खंड मॅग्नेट्रॉनवर आहे.